ताईच्या स्थळाची चौकशी, मुक्काम कॉर्क

आयर्लंड माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. मला जॉर्जियाला जायचं होतं, कारण शारजात ज्याच्याकडे चार दिवस सुट्टी आणि एक जॅकेट असतं तो जॉर्जियालाच जातो. पण एका शुक्रवारी ताईचा फोन आला आणि माझं जॅकेट भलतीकडेच गेलं.

ताई कॉर्कला नर्स आहे. कॉर्क म्हणजे आयर्लंडच्या खालच्या टोकाचं जुनं बंदर. तिने आईला सांगितलं की एक मुलगा आहे, नाव डोनल, बंदरात टुरिस्ट लोकांची होडी चालवतो, आणि आम्ही लग्न करायचं म्हणतोय.

आई म्हणाली, "होडी चालवतो म्हणजे पगारावर की स्वतःची?"

ताई म्हणाली, "आई, तेवढंच ऐकलंस का?"

शेवटी आई म्हणाली, "स्थळ बघायला कोणीतरी गेलं पाहिजे. त्याशिवाय मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही." पण हे ती फोन ठेवल्यावर म्हणाली, त्यामुळे ताईला ते कळलं नाही.

आमचं गाव गुहागरच्या बाजूला. तिकडे मुलगी द्यायच्या आधी घरातली दोन मोठी माणसं मुलाच्या गावात जाऊन येतात. मुलाच्या घरी सगळ्यात शेवटी जायचं. आधी न्हाव्याकडे दाढी, दुकानात तंबाखू, शेजाऱ्याच्या ओटीवर पाणी. विचारायचं सगळं, पण सहज विषय निघाल्यासारखं. आणि आपण कोण, कशाला आलो, हे सांगायचं नाही. सांगितलं की लोक गोड बोलायला लागतात.

आता इथे मोठी माणसं दोनच. बाबा एसी मेंटेनन्समध्ये फोरमन, उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना सुट्टी मिळणं शक्य नाही. आईचे गुडघे गेलेले. राहिलो मी. मी शारजातल्याच रोल्ला बाजारात मोबाइलच्या दुकानात कव्हरं विकतो.

"हा?" बाबा म्हणाले. "हा येऊन जे सांगेल ते खरं कोण धरणार?"

बाबांचं चूक नव्हतं. रत्नागिरीची आत्या येतेय म्हणून मी त्यांना एकदा एअरपोर्टला पाठवलं होतं. आत्या त्या वेळी रत्नागिरीत दुपारची झोप काढत होती. बिल्डिंगमध्ये पाणी जाणार म्हणून मी सगळ्यांना बादल्या भरायला लावल्या आहेत. आमच्या मजल्यावर मी "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी लोक खिडकीतून बघून घेतात.

आई म्हणाली, "जाऊ दे त्याला. पण मन्या, तू येऊन सांगशील त्यावर मी ठरवणार. यात गंमत केलीस तर ताईच्या जन्माचं नुकसान होईल. कळलं?"

"कळलं."

"हे पण तू असंच म्हणतोस."

व्हिसा आणि वाट

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, युरोपचा शेंगेन व्हिसा चालत नाही. ताईचं पत्र, माझं सॅलरी सर्टिफिकेट, बँकेचं स्टेटमेंट, सगळं लागलं. माझं स्टेटमेंट बघून मलाच वाटलं की हा माणूस परत येणार नाही, पण त्यांनी व्हिसा दिला. वेळ भरपूर ठेवा. दुबई ते डब्लिन थेट फ्लाइट आहे. डब्लिन एअरपोर्टच्या दारातूनच कॉर्कची बस सुटते. तिकीट शंभर दिरहामच्या आसपास, म्हणजे साधारण चोवीसशे रुपये. तीन-साडेतीन तास लागतात. रस्त्यात गाई, मग मेंढ्या, मग परत गाई. माणसं मी फार कमी पाहिली.

बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. मी पण म्हणालो. ड्रायव्हर म्हणाला, "काळजी घे हां, बॉय." मला वाटलं त्याला कळलंय मी कशाला आलोय. नंतर कळलं की कॉर्कमध्ये सगळे सगळ्यांनाच बॉय म्हणतात, म्हाताऱ्यांना पण. बोलताना आवाज वर जातो, खाली येतो, परत वर जातो. आमच्या मालवणच्या पावण्यांसारखं. भांडतायत की भाव विचारतायत ते लगेच कळत नाही.

ताई स्टँडवर आली होती. तिला माहीत होतं की मी फिरायला आलोय. डोनल तिसऱ्या दिवशी भेटणार होता, तोपर्यंत त्याचं काम होतं.

"आई काही म्हणाली?" तिने विचारलं.

"तिने तुला चकल्या दिल्यात."

"आणखी?"

"लाडू."

पहिला दिवस: कॉर्क शहर

राहायला ताईचा सोफा, म्हणून हॉटेलचे रेट मला विचारू नका. छत्री नेऊ नका. पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. टोपीचं जॅकेट घ्या.

शहर नदीच्या दोन फाट्यांच्या मधे बेटावर बसलंय. आत्ता जिथे मोठमोठी दुकानं आहेत, तिथे पूर्वी पाणी होतं आणि लोक घरासमोर जहाज लावायचे. काही जुन्या घरांना रस्त्यापासून वर जायला पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांखाली दार. ते होडीचं दार. आमच्या बिल्डिंगला पार्किंग नाही, ह्यांना तेव्हापासून होतं.

मग बाजार. छप्पर असलेला जुना बाजार आहे, मधोमध कारंजं. मासळीच्या गल्लीत मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"बांगड्याचा कल्ला दाखव," आई म्हणाली.

मी दुकानदाराला म्हणालो, माझ्या आईला कल्ला बघायचाय. त्याने काहीही न विचारता कल्ला उघडून कॅमेऱ्यापुढे धरला. आईने बघितलं. म्हणाली, "ताजा आहे. बघ, लोक वाईट नाहीत वाटतं." चौकशीतला हा पहिला मुद्दा.

दुपारी मासळीचं घट्ट सूप आणि काळा पाव खाल्ला, पंचेचाळीस दिरहाम, म्हणजे हजार रुपयांच्या वर. महाग आहे, पण पोट संध्याकाळपर्यंत भरलेलं राहतं.

नंतर टेकडीवर शँडनचं घंटाघर. हे मात्र सोडू नका. तिकीट सहा युरोच्या आसपास. वर घंट्यांचे दोर असतात, त्यांना नंबर असतात, आणि दोर टुरिस्टनेच ओढायचे. म्हणजे कोणीही उठून आख्ख्या शहराला काहीही ऐकवू शकतं. असं ठिकाण जगात आहे हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. मी आमच्या शिमग्याला पालखी नाचवतात तो ठेका वाजवला. खाली आल्यावर तिथला माणूस म्हणाला, हे कोणतं गाणं? मी म्हणालो, देव नाचवायचं. तो म्हणाला, "ग्रँड." इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.

त्या टॉवरला चार बाजूंनी चार घड्याळं आहेत आणि वाऱ्यामुळे चारही थोडी वेगवेगळी वेळ दाखवतात. लोक त्याला चार तोंडांचा खोटारडा म्हणतात. आणि तरी येता-जाता त्याच्याकडे बघूनच वेळ ठरवतात. मला तर एकच तोंड आहे. मी खाली उभा राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो.

दुसरा दिवस: कोव्ह, आणि चौकशी

डोनलचं गाव कोव्ह; त्याचा आणि त्याच्या घराचा फोटो ताईने आधीच दाखवला होता. कॉर्कहून लोकल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. डाव्या हाताला बसू नका, पाणी उजवीकडे आहे. स्टेशनच्या बाहेर समोरच खाडी, टेकडीवर मोठं चर्च, आणि चढावर रंगीत घरं एकाला एक टेकून उभी, जणू एक काढलं तर सगळी खाली येतील.

टायटॅनिक बुडायच्या आधी शेवटचं इथे थांबलं होतं. त्यामुळे कप, टी-शर्ट, फ्रिजचं मॅग्नेट, सगळ्यावर टायटॅनिक. पण स्टेशनजवळच्या म्युझियममध्ये खरी गोष्ट वेगळीच आहे. ह्याच धक्क्यावरून लाखो लोक अमेरिकेला गेले ते गेलेच. घरचे लोक जायच्या आधी शोक करायला बसायचे, माणूस समोर जिवंत असताना. आमच्याकडे गल्फला जाणाऱ्याच्या बॅगेत लाडू कोंबतात. मी तिथून झटकन बाहेर आलो, कारण मला न्हावी शोधायचा होता.

न्हावी सापडला. मी खुर्चीत बसलो, त्याने कात्री घेतली, आणि मी सहज म्हणालो, "तो होडीवाला डोनल, लाल दाढीचा. कसा आहे माणूस?"

"चांगला आहे. का, काय केलं त्याने?"

"काही नाही. असंच."

"तू कुठचा?"

"दुबई." शारजा सांगितलं की लोक कुठे आहे ते विचारतात, म्हणून मी दुबईच सांगतो.

कात्री थांबली. "डोनल दुबईला चाललाय?"

आता इथे काय बोलायचं? नियम आहे, कोण आणि कशाला ते सांगायचं नाही. म्हणून मी फक्त हसलो. कटिंगचे पंधरा युरो झाले आणि उजवी बाजू डावीपेक्षा लहान झाली.

तिथून तीन दुकानं सोडून एक वाणसामानाचं दुकान होतं. मी चॉकलेट घेतलं आणि तोंड उघडायच्या आधीच काउंटरवरची बाई म्हणाली, "तूच का तो दुबईचा?"

"हो. डोनलला ओळखता?"

"लहानपणापासून. तिकडे काय काम देणार त्याला?"

मी परत हसलो. चौकशीला गेलेला माणूस दिसायला हवा तसाच मी दिसत होतो असं मला वाटत होतं.

वर चढावर डोनलच्या घराशेजारी एक म्हातारा कुंडीला पाणी घालत होता. मी पाणी मागितलं. त्याने नळाकडे बोट दाखवलं. मी विचारलं, शेजारचे लोक कसे आहेत?

तो म्हणाला, "डोनलच्या आईचे दोन मोठे मुलगे ऑस्ट्रेलियात. हा एकच राहिलाय." आणि मग त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं लोक फर्निचर उचलायला आलेल्या टेम्पोकडे बघतात.

मी खूश होऊन ट्रेन पकडली. तीन ठिकाणी विचारलं, तिन्हीकडे कोणी वाईट बोललं नाही.

ताई सोफ्यावर बसली होती.

"तू आज कोव्हला काय केलंस?"

"केस कापले."

"मन्या."

"बरे नाही कापले?"

"डोनलचा फोन होता. त्याची आई दुपारपासून जेवली नाहीये. गावात सगळ्यांना माहितेय की दुबईहून एजंट आलाय आणि डोनलला कामाला घेऊन जाणार. मग कोणीतरी तिला सांगितलं की तो एजंट त्या इंडियन नर्ससारखाच दिसतो. ती डोनलला म्हणाली, तिने भावाला पाठवलंय तुला न्यायला. तिला म्हणावं, रविवारी जेवायला येऊ नकोस."

ताई ओरडत नव्हती. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी चौकशीला आलो होतो," मी म्हणालो. "आईने पाठवलं."

ताई म्हणाली, "मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं तर ती चौकशी कसली?"

"मी चार वर्षं त्या बाईशी जुळवून घेतेय. तुझी एक कटिंग झाली तेवढ्यात सगळं खलास." तिने उशी माझ्या अंगावर टाकली, मारायला नाही, झोपायला. "उद्या तू जा. घोळ तू घातलास, तूच निस्तर. आणि नीट बोल."

तिसरा दिवस: टेकडीवरचं घर

कोव्ह स्टेशनवर डोनल उभा होता. उंच, लाल दाढी, डोक्यावर मात्र सुट्टी सुरू झालेली. त्याने माझ्या केसांकडे बघितलं आणि काही बोलला नाही. माझ्या मते माणूस म्हणून चांगला.

चढ चढताना म्हणाला, "मी तिला सांगितलं की मी कुठेही जात नाहीये. ती म्हणते, जाणारा असंच सांगतो."

त्याची आई मॉरीन. मी आंटी म्हटलं. सगळं बोलणं इंग्लिशमध्ये झालं, माझं इंग्लिश दुकानातलं, तिचं कोव्हचं, त्यामुळे मी इथे मराठीत लिहितोय तेच जास्त सोपं आहे. स्वयंपाकघरात टेबल, किटली, आणि कोचावर आडवा झालेला एक मोठा कुत्रा. तिने मला चहा दिला. रागात पण चहा दिला.

"किती पगार देणार त्याला?"

"आंटी, मी मोबाइलची कव्हरं विकतो."

"मोठ्याला न्यायला आलेला पण असाच साधा मुलगा होता. म्हणाला, एक वर्ष जाऊन येईल. आता त्याला तिकडे तीन पोरं आहेत. मी त्यांना फोनवर बघते."

माझ्याकडे दोन-तीन चांगल्या थापा तयार होत्या. एक तर इतकी चांगली होती की वाया गेली याचं अजून वाईट वाटतं. पण कुत्रा माझ्याकडे बघत होता. मी सरळ सांगितलं. आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी मुलाची चौकशी करतात. शेजारी, दुकानदार, न्हावी. आईचे गुडघे दुखतात म्हणून मी आलो. कोणालाही दुबईला न्यायचं नाहीये. उलट तुमच्या मुलामुळे आमची मुलगी इथे राहणार, आणि आमच्या आईला तीच भीती आहे.

आंटीने किटली बाजूला ठेवली.

"न्हाव्याला विचारलंस?" ती म्हणाली.

"हो."

"त्याला काय माहीत? काय म्हणाला?"

"चांगला मुलगा आहे म्हणाला."

"काही माहिती नाही त्याला. मला का नाही विचारलंस?"

"मुलाच्या आईला विचारत नाहीत. ती चांगलंच सांगणार."

"कोण म्हणालं?" तिने खुर्ची पुढे ओढली.

डोनल म्हणाला, "मम, नको."

"तू बाहेर जा. कुत्र्याला पण ने."

दोघे बाहेर गेले. आणि मग मॉरीन आंटी सुरू झाली. ओला टॉवेल पलंगावर टाकतो. अंडी सोडून काही करता येत नाही. कोणाचाही वाढदिवस लक्षात नाही, स्वतःचा पण. चांगलं जॅकेट कोणी मागितलं की देऊन येतो आणि मग थंडीत खोकतो. शनिवारी पितो, जास्त नाही, पण गातो, आणि ते वाईट असतं. मनाला काही लागलं तर बोलत नाही, जाऊन होडीला रंग लावतो. होडीवर लाकडापेक्षा रंग जास्त आहे.

"भांडतो?" मी विचारलं. आईने खास सांगितलं होतं विचारायला.

"माझ्याशी रोज. त्याचे वडील गेले, त्यानंतर वर्षभर एकदाही भांडला नाही. तेव्हा मला फार काळजी वाटली." तिने माझ्या कपात चहा ओतला. "आता तिचं सांग."

"कोणाचं?"

"तुझ्या बहिणीचं. तू एकटाच विचारणार का?"

मग मी सांगितलं. ताई कपाटाची दारं उघडी ठेवते, माझं डोकं दोनदा फुटलंय. तिला राग आला की ती इतकं गोड बोलते की माणसाला पळून जावंसं वाटतं. आजारी असली तरी सांगत नाही, नर्स असून. घरी फोन केला की कधी रडत नाही, ठेवल्यावर रडते. मला माहितेय, कारण एकदा ती फोन कट करायला विसरली होती.

आंटी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर डोनल कुत्र्याशी काहीतरी बोलत होता, बहुतेक आमच्याबद्दल.

"तिला म्हणावं, रविवारी ये," ती म्हणाली. "आणि तो उन्हात टिकेल का तुमच्याकडे? म्हणजे कधी भेटायला जायचं झालं तर?"

"दोन आठवडे टिकेल. दाढी उतरवून."

ती हसली नाही, पण मला निघताना केकचा मोठा तुकडा कागदात बांधून दिला. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो.

संध्याकाळी डोनलने मला होडीतून बंदर फिरवलं. टुरिस्टना तिकीट आहे, मला नव्हतं. वारा तोंडावर, पाठीमागे ती रंगीत घरं, आणि समोर समुद्राकडे जायची अरुंद वाट, जिथून ती सगळी जहाजं गेली. आत येणारी जहाजं पण तिथूनच येतात, असं डोनल म्हणाला.

थोड्या वेळाने म्हणाला, "घरी माझ्याबद्दल काय सांगणार?"

"तुझ्या आईने सांगितलं ते."

"सगळं?"

"टॉवेलसकट."

त्याने होडी हळू केली. मला वाटलं आता रंगाचा डबा काढतो.

परत शारजा

विमानातून बाहेर आलो आणि चष्म्यावर वाफ धरली. घरी आई-बाबा दोघं हॉलमध्ये बसले होते, टीव्ही बंद. टीव्ही बंद म्हणजे मामला गंभीर.

मी विमानात ठरवल्याप्रमाणे सुरू केलं. "मुलगा सोन्यासारखा आहे."

"ताईने काय दिलं तुला?" बाबा म्हणाले.

"बूट."

"बघ," बाबा आईला म्हणाले. आई उठायला लागली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या तोंडून चांगलं काही निघालं की ते आमच्या घरात खोटंच वाटतं. म्हणून मी वाईट सांगायला लागलो. टक्कल पडतंय. ओला टॉवेल. अंडी. शनिवारचं गाणं. कुत्रा कोचावर. होडीचा रंग. आई परत बसली. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. वडील गेल्यावर वर्षभर भांडला नाही तिथे तिने मला थांबवलं.

"हे कोण म्हणालं?"

"त्याची आई."

"आपणहून?"

"थांबवता येत नव्हतं."

आई थोडा वेळ हातातल्या बांगड्या फिरवत बसली. "खोटं बोलायचं असतं तर यातलं एकही सांगितलं नसतंस."

"नाही."

"ती बाई एकटीच असते?"

"आता डोनल आहे."

"कुत्रा रोज कोचावर?"

"रोज."

आई बाबांकडे वळली. "त्या व्हिसाला किती दिवस लागतात विचारा."

"हा समोर बसलाय, तूच विचार."

"तुम्ही विचारा. मी अजून काही ठरवलेलं नाही."

हे झालं दोन महिन्यांपूर्वी. आईचा पासपोर्ट सध्या व्हिसावाल्यांकडे आहे. चकल्यांचं पीठ दळून झालंय.

जायचं का, असं कोणी विचारलं तर जा. मे महिन्यात जा, रात्री दहापर्यंत उजेड असतो. खर्च जॉर्जियापेक्षा दुपटीने येईल. न्हाव्याकडे जाऊ नका.

माझ्याकडे त्या ट्रिपमधलं काय राहिलं ते सांगतो, आणि ते काही बरं नाही. परवा आई भाजी घेऊन खालून आली. मी लॉबीत उभा होतो. नेहमीच्या सवयीने म्हणालो, "लिफ्ट बंद आहे." आधी ती मला एक शिवी देऊन बटण दाबायची, आणि आमचं दोघांचं समाधान व्हायचं. परवा तिने मान हलवली आणि पिशव्या घेऊन जिना चढायला लागली.

मी जरा वेळ थांबलो. मग पळत गेलो. ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभी होती.

"काय रे?"

मी तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि म्हणालो, "आत्ताच चालू झाली."